नोटेची पाठ

“एक शब्द कळवला नाही पोरीने!” व्हर्लिनने भिंग टेबलावर आपटलं. “सख्ख्या बापाला! ऑपरेशन ठरलं, झालं, त्यातच ती गेली, आणि मला फोन आला तो थेट जावयाचा. अंत्यविधीला या म्हणून.”

गेलन कॉफी ढवळत होता. कर्नी गावातल्या चर्चच्या तळघरात नोटा जमवणाऱ्यांची महिन्याची बैठक चालली होती. व्हर्लिनच्या मुलीला, रोंडाला, जाऊन तीन आठवडे झाले होते. सांत्वन कसं करायचं हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं.

व्हर्लिनचा नाद मात्र साऱ्या गावाला ठाऊक. नोट कोणत्या प्लेटवर छापली, त्याचा बारीकसा नंबर तिच्या दोन्ही बाजूंना असतो. व्हर्लिनला फक्त पाठीवरचा हवा, आणि तोही पाच डॉलरच्या नोटांचा. चाळीस वर्षं तो हेच करत आला. बायको कंटाळून निघून गेली, त्या दिवशीही भिंग त्याच्या डोळ्यालाच होतं. त्याच्या अल्बममध्ये साऱ्या नोटा पालथ्या लावलेल्या. त्या घरात नोटेच्या पुढच्या बाजूवरच्या लिंकनचं तोंड कुणी पाहिलं असेल तर शपथ.

रोंडा त्याच्या दर वाढदिवसाला डेन्व्हरहून कार्ड पाठवायची, आत पाचची नोट घालून. व्हर्लिन कार्ड झटकायचा. नोट भिंगाखाली जायची आणि कार्ड कचऱ्यात.

“यंदा पाठवली होती का रे?” गेलनने विचारलं.

“पाठवली की, मार्चमध्ये. पण नंबर कसला, माझ्याकडे दोनदा असलेलाच! त्यात घाणेरडी, शाई फुटून पार पाठीवर उतरलेली. जन्मभर बापाला बघतेय, पण एक कोरी नोट निवडता आली नाही. आता शेवटची म्हणून लावून ठेवली अल्बममध्ये.” त्याचा आवाज चिरकला. “दोन ओळी लिहिल्या असत्या तर रात्रभर गाडी हाकत गेलो असतो रे मी. पण नाही. मनात अढी धरून गेली. आईवर गेली होती.”

गेलनने अल्बम ओढला आणि ती नोट प्लास्टिकमधून बाहेर काढली.

“कडेने धर, कडेने!” व्हर्लिन खेकसला.

गेलनने नोट उलटी केली आणि तो नुसताच बघत राहिला.

“काय झालं? नंबर पाठीवर आहे, तिकडे काय बघतोस?”

गेलनने नोट तशीच त्याच्यापुढे सरकवली. लिंकनच्या चेहऱ्याभोवती निळ्या शाईत दाटीवाटीने लिहिलं होतं:

“डॅडी, कार्ड तुम्ही वाचत नाही, म्हणून नोटेवरच लिहिते. सात तारखेला ऑपरेशन आहे. फार भीती वाटते. याल का?”