येते

नवऱ्याने गेमवरची प्रोफाइल खाजगी ठेवली होती आणि मला ते खुपत होतं. पत्त्यांचा साधा गेम, त्यात लपवण्यासारखं काय असतं?

"कोणीही बघत बसतं," तो म्हणाला.

"बघू दे की. चोराच्या मनात चांदणं."

दुपारचं जेवण चाललं होतं. मी त्याच्यासमोरच त्याचा फोन उचलला आणि प्रोफाइल सगळ्यांना खुली केली. त्याचा घास हातातच राहिला.

लगेच मेसेज आला. फोटो नाही, नाव नाही. 'वाट बघत होते. आज दोघं बसलात जेवायला.'

"कोण ही बया?"

"माहीत नाही. प्रोफाइल उघडी दिसली की बोलायला लागते. म्हणून तर बंद ठेवतो."

त्याने उठून खिडकी लावून घेतली. मला ते सोंग वाटलं. मी टाइप केलं, 'मी त्यांची बायको.'

उत्तर आलं, 'येते.'

"बघ, घेतला निरोप," मी म्हणाले. "बायको म्हटल्याबरोबर काढता पाय."

तो दाराकडे बघत होता.

"आपण म्हणतो 'येते'," तो हळू आवाजात म्हणाला. "ती निघताना 'जाते' म्हणते."