मंजुश्रीचा डाव

“मंजुश्री, डाव तुझा हाय. बोल की गं!”

शैलश्रीनं पुन्हा एकदा सांगितलं. मंजुश्रीनं हातातलं चित्र उलटंपालटं करून बघितलं, ओठ हलवले आणि मान खाली घातली. बाकीच्या पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या. बसवकल्याणच्या औषधदुकानावरच्या त्या खोलीत शैलश्रीचा जर्मनचा वर्ग भरायचा.

खेळ सोपा होता. चित्रातल्या वस्तूचं नाव न घेता तिचं वर्णन जर्मनमध्ये करायचं आणि बाकीच्यांनी ती ओळखायची. नुसतं व्याकरण घोकून भाषा तोंडात बसत नाही, असं शैलश्रीचं ठाम मत. म्हणून तिच्या वर्गात सतत काहीतरी खेळ चालू असायचा. कुणी भाजीवाली होई, कुणी घरमालकीण. नर्स म्हणून जर्मनीला जायला निघालेल्या पोरी थोड्याच दिवसांत जर्मनमधून भांडायलाही लागल्या होत्या.

मंजुश्री तेवढी मुकी राहिली.

तीही नर्सच. लग्नाआधी कलबुर्गीला एका दवाखान्यात कामाला होती. नवरा महेशकुमार जर्मनीत कारखान्यात. बायको म्हणून त्याच्याकडं जायचं तर भाषेची पहिली परीक्षा पास व्हावी लागते, आणि तिथंच तिची गाडी अडली होती. दोन वेळा नापास. लिहिण्यात नव्हे, बोलण्यात.

सासरे बसवंतप्पा मुडबीहून तिला रोज मोटरसायकलवर आणत. वर्ग सुटेपर्यंत खाली दुकानाच्या पायरीवर बसून राहत.

“काय म्हणतीया आमची सून?” ते विचारत.

“बोलंल अप्पा. जरा भिडस्त हाय.”

“लवकर बोलू द्या मॅडम. महेश लई कावलाय.”

शैलश्रीच्या जिवाला घोर लागला. भाकरी थापतानाही तिच्या डोक्यात नवे खेळ घोळायचे. तिनं मंजुश्रीला कधी जोडीनं बसवलं, कधी घोळक्यात. गंमत अशी, की मंजुश्रीच्या शेजारी बसणारी नेमकी जिंकायची. एरवी अडखळणारी ईरम्मासुद्धा तिच्याशेजारी बसली की फाडफाड उत्तरं द्यायची. शैलश्री ईरम्माची पाठ थोपटायची. मंजुश्री आपली हसून खाली बघायची.

एकदा तिनं सगळ्यांना आपलं जर्मनीतलं घर काढायला लावलं. चित्र दाखवून बोलायचं, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. पोरींनी माडीची घरं काढली, बागा काढल्या, पाळणे काढले. मंजुश्रीनं एक खोली काढली. तिच्यात एक खाट, एक खुर्ची, एक मोठी खिडकी.

“आणि महेशराव कुठं बसणार गं?” शैलश्रीनं जर्मनमध्ये विचारलं.

पोरी खिदळल्या. मंजुश्रीला प्रश्न कळला नसावा. ती खिडकीला पडदा काढत बसली.

आणि एक दिवस बसवंतप्पा जिना चढून वरच आले. हातात मोबाईल, पडद्यावर महेशकुमार.

“बोल की जर्मनमध्ये,” तो मंजुश्रीला म्हणाला. “एवढ्यात पोपटसुद्धा शिकला असता!” मग शैलश्रीकडं वळून म्हणाला, “मॅडम, जास्त शिकवू नका. परीक्षेपुरतं पुरं. इथं तिला कुठं घराबाहेर पडायचंय? बोलायला मी हायच की.”

मंजुश्री जमिनीकडं बघत उभी राहिली. शैलश्रीला राग आला. ह्या पोरीला आपण पास करूनच दाखवायचं, असं तिनं त्या दिवशी ठरवलं. वर्ग सुटल्यावर ती मंजुश्रीला एकटीला थांबवून घेऊ लागली. पाठीला पाठ लावून बसायचं आणि फोनवर बोलतोय असं समजायचं, हा खेळ तर दोघी रोज खेळल्या. शैलश्री बोलत राहायची. पाठीमागून फक्त श्वास ऐकू यायचा.

हैदराबादला परीक्षा झाली. सासरे सोबत गेले. पासपोर्ट त्यांच्याच खिशात असायचा. आत जाताना सुनेच्या हाती दिला, बाहेर आल्यावर परत घेतला.

निकाल लागला. मंजुश्री पुन्हा नापास झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ईरम्मा धापा टाकत वर्गात आली. “अक्का, मंजूला माहेरी धाडायलेत. बसस्टँडवर हाय ती!”

शैलश्री तशीच धावत सुटली. भालकीच्या गाडीजवळ मंजुश्री बॅग घेऊन उभी होती. बाजूला बसवंतप्पा. ते एका रात्रीत म्हातारे झाल्यासारखे दिसत होते.

“तुमची चूक न्हाई मॅडम,” ते म्हणाले. “महेश ऐकंना. तिला माहेरी संतपूरला सोडा म्हणाला, मी दुसरी बघतो म्हणाला. मी लई समजावलं.” त्यांनी खिशातून पासपोर्ट काढून सुनेच्या हातावर ठेवला. “घे बाई. आता आमी ह्यो ठेवून काय करणार?”

मंजुश्रीनं वाकून नमस्कार केला. ते डोळे पुसत गेले. स्टँडच्या फाटकापाशी मोटरसायकल सुरू झाली आणि तिचा आवाज लांब लांब गेला.

शैलश्रीनं तिचा हात धरला. “माफ कर मला, मंजू. मी नुसते खेळ खेळत बसले. तुझा संसार मोडला माझ्यापायी.”

“असं म्हणू नका अक्का.”

“आता काय करशील गं?”

तेवढ्यात मंजुश्रीचा फोन वाजला. तिनं फाटकाकडं एकदा नीट बघून घेतलं आणि फोन कानाला लावला. पुढच्याच क्षणी अस्खलित जर्मन कानावर पडलं. हे कोण बोलतंय म्हणून शैलश्रीनं मागं वळून बघितलं. मागं कुणीच नव्हतं.

“हो बाई, पासपोर्ट आत्ताच हातात आला,” मंजुश्री सांगत होती. “मुलाखतीनंतर तुम्ही पाठवलेल्या नोकरीच्या करारावर आजच सही करून पाठवते. फक्त एवढंच सांगा, मी नवऱ्याच्या शहरापासून लांबचा दवाखाना मागितला होता, तोच मिळालाय ना?”