जुन्या पेठेकडे गेलेली कबुतरं

अक्षता पडल्या. नातीनं हातातलं पांढरं कबुतर सोडलं, नवऱ्या मुलानं दुसरं, आणि मांडवातल्या सगळ्यांनी माना वर केल्या. शिदूतात्या मात्र डोळ्यांवर हात धरून पाखरांची दिशा बघत होते. त्यांची पाखरं दोन घिरट्या घालून तात्यांच्या मुलाच्या बंगल्यावर कबुतरांसाठी बांधलेल्या नव्या ढाबळीकडे वळलीच नाहीत. ती थेट जुन्या पेठेकडे निघाली.

"आजोबा, वाट चुकली का ती?" नातीनं विचारलं.

"न्हाई बाळा. तुझा बाप चुकला, नवी ढाबळ बांधून."

पाखरं जिथं वाढली, ते पेठेतलं राहतं घर विकून वर्ष झालं होतं. तेव्हापासून तात्यांनी त्या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं. पंगती बसल्यावर ते कुणाला न सांगता रिक्षानं तिकडे गेले. घराच्या नव्या मालकीणबाईंनी दार उघडलं.

"पाखरं न्यायला आलासा व्हय, तात्या? जावा वर. जिना तुमास्नी काय दाखवायचा?"

कबुतरं माडीच्या कठड्यावर बसली होती. याच कठड्याशी गल्लीतल्या दोन पिढ्यांच्या पोरांना तात्यांनी कबुतर न दुखवता धरायला शिकवलं होतं. त्यांनी शीळ घातली, तशी दोन्ही पाखरं येऊन खांद्यावर बसली. तात्यांनी खिशातली ज्वारी त्यांना खाऊ घातली, पुन्हा कठड्यावर ठेवलं आणि ते रिकाम्या हातांनी खाली उतरले.

"का वो, गावली न्हाईत?"

"गावली की. पर दमल्यात बिचारी," तात्या चपला घालत म्हणाले. "उद्या येतो न्यायला. न्हाईतर परवा."