दुपारची खाट

तव्यावरची भाकरी करपली तेव्हा प्रियदर्शनी बसल्या बसल्या झोपली होती.

धुरानं जाग आली. आता सासूचं तोंड सुटणार, अशा तयारीनं तिनं डोळे उघडले. केराबाई समोरच परातीपाशी बसली होती. गल्लीच्या टोकाला कुणाची भाकरी लागली तरी हिला इथं बसून वास यायचा. आज ती ओरडली नाही. करपलेली भाकरी उचलून तिनं शेळीपुढं टाकली.

“जागरन झालं वाटतं,” एवढंच म्हणाली.

“व्हय आत्या. डास लई हायेत.”

डास नव्हते. दुसरा महिना सरत आला होता.

घरात हे फक्त तिच्या नवऱ्याला, बिरुदेवला ठाऊक होतं. तिसरा महिना भरल्याशिवाय कुणापाशी बोलायचं नाही, ही रीत तिच्या सांगोल्याच्या माहेरची आणि इथं सासरचीही. गेल्या वर्षी ती मोडली होती. दुसऱ्याच महिन्यात गल्लीभर पेढे वाटले आणि आठवड्यात सगळं संपलं. मग पेढे खाल्लेल्या बायका एकेक करून सांत्वनाला आल्या. दुखण्यापेक्षा तेच जास्त झोंबलं. या वेळी तोंड शिवून ठेवायचं, असं तिनं ठरवलं होतं.

तोंड शिवता येतं, डोळ्यांचं काय करायचं?

“याला औषध नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. “सुरुवातीला अंग असंच गळतं. थोडं थोडं खात जा, जड उचलू नका. आणि झोप आली की सरळ आडवं व्हायचं.”

बाईंना बोलायला काय जातंय! शेळगीतल्या त्या घरात कडक भाकरीचा धंदा होता. उजाडायच्या आत दोघी थापायला बसायच्या. तीळ लावायचे, भाजायचं, मग गच्चीवर वाळत घालायचं. मोकळी सापडायची ती फक्त दुपार, आणि सासू जागी असताना दुपारी सुनेनं पाठ टेकायची नाही, ही दुसरी रीत.

प्रियदर्शनीनं युक्ती काढली. गच्चीवरच्या खोलीत भाकऱ्यांच्या थप्प्या असायच्या आणि एक खाट.

“उंदरं लई झालीत वर. राखन करते,” असं सांगून ती जिना चढली.

खाटेवर केराबाई घोरत होती.

दुसऱ्या दिवशी ती पिठाच्या पोत्यांमागं गेली. तिथं गारवा असतो. पोत्याला टेकून केराबाई आधीच पेंगत होती. शेवटी न्हाणीघरात कडी लावून बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसून भिंतीला डोकं टेकवलं. लगेच केराबाईनं दार वाजवलं.

“झालं का गं? किती येळ? मला जायचंय!”

“आताच तर जाऊन आलासा की!”

“मग? परत जायचं न्हाय म्हनून कायदा हाय व्हय?”

सासरा ज्ञानू मात्र खरोखर काळजीत पडला. “हिला साखर झाली आसंल. जन्मात कधी दुपारी निजली न्हाय ही. च्याचा कप फुडं केला तर तोंड फिरवती.”

“तुमी गप बसा,” केराबाई म्हणाली. “तुमचं तोंड बघूनच दमायला हुतंय मला.”

ज्ञानू कप घेऊन बाहेर गेला.

शेजारची निंगव्वा ताक मागायला आली, तर एक बाई चुलीपाशी डुलतेय, दुसरी परातीपाशी. “अय्यो! भानामती केली काय गं कुनी? का सासू-सुनंची पैज लागलीया?”

दोघी एकदम म्हणाल्या, “डास लई हायेत.”

संध्याकाळी प्रियदर्शनी नवऱ्यापाशी रडकुंडीला आली. “जाईन तितं तुमची आई झोपल्याली. मी झोपू कुटं? भाकऱ्यांवर?”

बिरुदेव हसायला लागला. “अगं येडे, आईला कळलंय सगळं.”

“मग बोलत का न्हाईत?”

“गेल्या वर्षीचं ध्यानात हाय तिच्या. बोलायची न्हाय. पर सासू आडवी झाली तर सुनंला आडवं व्हायची लाज न्हाय वाटत, म्हनून ती झोपती. मला म्हनाली, पोती तू उचलत जा, बायकांनी हात लावायचा न्हाय. आजवर कधी म्हनली हुती का?”

प्रियदर्शनीनं एकेक आठवून पाहिलं. खरंच की. करपलेल्या भाकरीवर शब्द नाही. डब्यात तिनं भरून ठेवलेला पोह्याचा चिवडा, तोही हाताशी राहील असा. चारचौघांत एक गोड शब्द न बोलणारी ही बाई आपल्यासाठी झोपेचं सोंग घेते आणि आपण तिच्या नावानं बोटं मोडतो!

दुसऱ्या दिवशी दुपारी ती वर गेली. केराबाई खाटेवर डाव्या कुशीला होती. तिनं सरकून जागा करून दिली. प्रियदर्शनी तिच्या पाठीला पाठ लावून निजली. मागं एकदा बाजारात बांगड्यावाला या दोघींना जावा समजला होता. केराबाईला चाळीस पुरी होऊन फार दिवस झाले नव्हते.

“आत्या.”

“हं.”

“आता सोंग नगा घेऊ. मला समजलंय.”

केराबाईची पाठ ताठ झाली. “काय समजलंय?”

“माज्यासाठी झोपताय तुमी. तुमाला कळलंय न्हवं, मला दिवस गेलेत ते?”

केराबाई उठून बसली. वळून तिनं सुनेला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग तिचे डोळे भरले. तिनं प्रियदर्शनीच्या तोंडावरून हात ओवाळून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

“माजी बाय ती! आन् मी इकडं घोर लावून बसले हुते, हिला कुठल्या तोंडानं सांगू म्हनून.” नाक पुसत तिनं विचारलं, “कितवा?”

“दुसरा सरंल आता.”

केराबाईनं बोटांवर काहीतरी मोजलं. जिन्यात ज्ञानू नाही ना, ते वाकून बघितलं. मग पदर तोंडाशी नेत ती हळूच म्हणाली,

“मग तुज्या आदी मीच बाळंत व्हनार की गं.”