सातवा मजला

चौथ्या संध्याकाळीही निळा सैनिक आधी मेला. त्याच्यामागून लाल सैनिक मेला आणि पडद्यावर तीच जुनी हिरवी अक्षरं आली. बारक्याने दोन्ही जॉयस्टिक सतरंजीवर ठेवल्या आणि बोटं कडाकडा मोडली.

वय अठ्ठेचाळीस, डोक्यावर केस मोजके, तरी घरातलं नाव बारक्याच. त्या नावाने हाक ऐकून मात्र बरीच वर्षं झाली होती.

रविवारी माळा आवरताना ते खोकं हाती लागलं होतं. वर दादाचे खेळायचे बूट, मग त्याच्या चित्रांच्या वह्या आणि तळाशी तो गेम. कॅसेटवरचं नाव झिजून गेलेलं. दोघे भाऊ त्याला किड्यांचा गेम म्हणत. सोडून दिलेलं एक अवकाशयान, त्याचे सात मजले, मजल्यामजल्यावर अंडी घालून बसलेले किडे आणि त्यांच्यावर गोळ्या झाडत वर चढणारे दोन सैनिक. लाल दादाचा, निळा बारक्याचा.

मशीन बंद पडलेलं होतं, पण बारक्याचा धंदाच कानाची मशीनं दुरुस्त करण्याचा. तांदळाच्या दाण्याएवढे भाग जोडणाऱ्याला हे काम म्हणजे हातचा मळ. दोन तारा बदलल्या आणि टीव्हीवर यान उगवलं. ती सुरुवातीची धून वाजली. त्याने आवाज वाढवला.

लहानपणी दादा नेहमी पुढे असायचा. बारक्याने त्याच्या आडून गोळ्या झाडायच्या आणि तरीही मरायचं, हे ठरलेलं. निळ्याचे प्राण संपले की दादा आपल्यातला एक काढून देई. उपकार केल्यासारखं तोंडही करत नसे. सहा मजले त्यांनी कितीदा तरी साफ केले. सातव्यावर पोचेपर्यंत आई जेवायला हाक मारी, आणि दुसऱ्या हाकेनंतर ती सरळ टीव्हीच बंद करी.

आता हाक मारायला कोणी नव्हतं, पण सातवा मजला होता. तिथे दोन टोकांना दोन खटके होते. दोन्ही एकदम ओढले तरच शेवटचं दार उघडे. बारक्याने एक जॉयस्टिक हातात धरून पाहिली, दुसरी पायाच्या अंगठ्याखाली. तोवर किडे चहूकडून येत. दोन गडी एकट्याने खेळवायचे म्हणजे तारेवरची कसरत, आणि ती त्याला काही जमेना. ताटातला भात तसाच थंड होई.

अंगठ्याला फोड आला. दुसऱ्या दिवशी त्याला लंगडताना पाहून दुकानातल्या चष्मेवालीने विचारलं. ती आणि तो एकाच गाळ्यात बसत. डोळे तिच्याकडे, कान त्याच्याकडे. बारक्याने गेमचं सांगितलं. ती हसली. मग सहज म्हणाली, "भावालाच का नाही बोलवत? कुठे असतात ते?"

"दादा गेला," बारक्या म्हणाला. "अकरा वर्षं झाली."

चष्मेवालीने हातातली काच खाली ठेवली. तिची धाकटी बहीण अशीच गेली होती, ध्यानीमनी नसताना. अजून तिचा फोन नंबर खोडवत नाही, असं ती म्हणाली. बारक्याने काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण मग समोरच्या मशीनमध्ये डोकं घातलं.

दादाशी शेवटचं बोलणं इस्पितळाच्या जिन्यात झालं होतं. अर्ध्या मिनिटाचं असेल. बारक्याने तेव्हा जे शब्द वापरले ते त्याला आजही जसेच्या तसे आठवत, आणि आठवले की तो कुठेही असला तरी खाकरे. आई त्यानंतर फार दिवस राहिली नाही. दादा गेला तेव्हा त्याच्या खोलीकडचं दार बारक्याने विटा लावून बुजवून घेतलं. ते दार दिसलं की घास घशाखाली उतरत नसे.

शेजाऱ्यांशीही त्याचं बोलणं नव्हतं. जिन्यात गाठ पडलीच तर दोन्हीकडून किल्ल्यांची शोधाशोध सुरू होई.

हिरवी अक्षरं पडद्यावर लुकलुकत होती. पुन्हा खेळायचं का, असं यंत्र विचारत होतं. बारक्याने बटणावर बोट ठेवलं आणि उचललं. चष्मेवालीला एखाद्या संध्याकाळी बोलवावं, असं मनात आलं. पण तिला पहिल्या मजल्यापासून शिकवावं लागणार. आणि खरं सांगायचं तर त्याला शिकवायचं नव्हतं. त्याला कुणाच्या तरी आडून गोळ्या झाडायच्या होत्या.

त्याने थंड भाताचं ताट बाजूला सारलं. मग उठला, लाल जॉयस्टिकची तार मशीनमधून काढली, ती गुंडाळली आणि चपला घालून बाहेर पडला.

शेजारचं दार चार पावलांवर होतं. तिथवर जायला त्याला बराच वेळ लागला. एकदा तो परतलाही. आपल्या उंबऱ्यापर्यंत येऊन पुन्हा वळला. घंटा वाजवल्यावर पळून जावंसं वाटलं.

दार उघडलं. पांढरे केस, सुटलेलं पोट, कपाळावर सरकवलेला चष्मा. शेजारी त्याच्याकडे बघत राहिला, मग त्याच्या हातातल्या जॉयस्टिककडे. बारक्याने ती पुढे केली.

त्या माणसाने हात सदऱ्याला पुसले आणि जॉयस्टिक हातात घेतली.

"चार दिवस त्या बुजवलेल्या दारातून ऐकतोय. सातव्याच मजल्यावर मरतोयस," दादा म्हणाला.