डावी बाहुली

"डावी बाहुली हलतच नाही," म्हणत डॉक्टर योगिनींनी पुन्हा टॉर्च मारला.

पूनमच्या मांडीवरचा आठ महिन्यांचा शिवम हातपाय झाडत होता, पण त्याचे दोन डोळे जणू दोन वेगळ्या लेकरांचे. उजवी बाहुली उजेडात बारीक होई. डावी मात्र काळीभोर, पार कडेपर्यंत पसरलेली. भोवती काजळ फिसकटलं होतं.

सकाळी तो बाजेवरून पडला होता. पूनम गॅसवरचं दूध उतरवायला गेली, तेवढ्यात. कपाळाला टेंगूळ, बाकी काही नाही. दुपारी डोळा असा दिसला न् घराची धांदलच उडाली. जानेफळहून बुलढाण्यापर्यंत तिने स्वतःला शंभर शिव्या घातल्या. उरलेल्या सासूने घातल्या.

"एक श्रावण सोमवार देवळात गेली मी, तर लेकरू सांभाळता आलं नाई तुले!" शालूबाई इथेही थांबेनात. मग त्यांनी हात जोडले. "महादेवा, माह्या नातवाले वाचव रे बाप्पा! आज अकरा धोतरे वाह्यले, पुढच्या सोमवारी एकशे आठ वाहीन!"

डॉक्टरांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"पडल्यावर डोक्यात रक्त साकळलं, तर नस दबते," त्या पूनमला म्हणाल्या. "बाहुलीचा स्नायू आपलं ऐकत नाही. त्याला नसेचाच हुकूम लागतो. अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला गाडी बोलावलीय. तोवर दोन्ही डोळ्यांत थेंब टाकते. ह्याने बाहुली बारीक होते."

अर्धा तास पूनमने पापणी लवू दिली नाही. लहान हो, लहान हो गं माय, ती पुटपुटत राहिली. उजवी बाहुली तिळाएवढी झाली. डावी होती तशीच.

शालूबाईंनी हंबरडा फोडला. एका दुधापायी आपण आपलं लेकरू घालवलं, एवढंच पूनमला कळत होतं.

"अहो, रडू नका," डॉक्टर म्हणाल्या, आणि चक्क हसल्या. "नस दबली असती, तर थेंबाने ही बाहुली बारीक झाली असती. तेव्हा स्नायू धडधाकट असतो, नुसता हुकूम पोचत नाही. इथे स्नायूच बधिर झालाय. म्हणजे डोळ्यात काहीतरी गेलंय. दोन-चार दिवसांत आपोआप उतरेल. पडलाय, म्हणून आज इथेच ठेवू. पण मला सांगा, काजळ एकाच डोळ्यात कसं?"

"म्या लावलं," शालूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "देवळात जायच्या आंधी. एका डोळ्यात लावलं न् रडाले लागला, मंग राह्यलं."

"आणि धोतरे कधी तोडले?"

"त्याच्या आंधीच. फळं खुडली, न् तसंच..."

त्या आपल्या बोटाकडे बघू लागल्या. नखाच्या कडेला अजून हिरवट डाग होता.

"धोतऱ्याच्या रसाने बाहुली अशीच पसरते," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या.

शालूबाई बोट पदराला पुसत पुटपुटल्या, "पण नवस बोलली ना मी. एकशे आठचा."

पूनमने शिवमला छातीशी घट्ट धरलं. सकाळपासून पहिल्यांदाच तिने सासूकडे मान वर करून पाहिलं.

"फेडा ना, आत्याबाई. पण काजळाची डबी आता माह्यापाशी राहीन."