शारशेनची विसावी पिशवी

"शारशेन! ए शारशेन! बाहेर ये, रक्ताची गाडी आली!"

बुरुल फाटकाशी उभी राहून ओरडली तशा शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या. थोरल्या दिराचं नाव भावजयीनं तोंडातून काढायचं नाही, ही त्या डोंगरी गावातली रीत. बुरुल मात्र पाच वर्षं दर तीन महिन्यांनी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ते घेत होती. तिला त्यात सुख वाटत होतं, आणि ती ते लपवतही नव्हती.

शारशेन टोपी चाचपत बाहेर आला. मागोमाग त्याची बायको, हातात नानचं ताट.

"दारात आलीस तर तुकडा तरी मोड गं."

"भूक नाही," बुरुल म्हणाली. त्या भागात हे तोंडावर शिवी दिल्यासारखंच. बायको ताट घेऊन मुकाट आत गेली.

बुरुलसोबत मेरिम होती. शाळेत भूगोल शिकवायची, सहा महिन्यांपूर्वी बदलून आलेली आणि लगेच बुरुलच्या रक्तदात्यांच्या गटात नाव घातलेली. शारशेन पुढे निघाल्यावर तिनं बुरुलला थोरल्या बहिणीसारखी हाक मारत हळूच विचारलं, "एजे, बाकी सगळ्यांना आपण किती गोडीत बोलावतो. आठ दिवस आधी फोन, नंतर चहा, रक्त कुणाला लागलं त्याचा निरोप. यांनाच असं का?"

"त्याला असंच लागतं."

"पण त्यांचा रक्तगट तर निम्म्या गावाचा आहे. त्यांच्यावाचून काही अडत नाही."

"तुला पत्ता सापडला का त्या ट्रकवाल्याचा?" बुरुलनं विषय तोडला.

मेरिम ओशाळली. मागच्या आठवड्यात गटातल्या एका ट्रकवाल्याला रक्त द्यायला बोलावण्याचा निरोप तिनं त्याच्या आईजवळ ठेवला होता, आणि बुरुलनं तिला चारचौघांत झाडली होती. निरोप ज्याचा त्याच्याच कानावर घालायचा, मधे घरचं माणूस नको, हा गटाचा पहिला नियम. बाकी कशात चूक झाली तर बुरुल हसून सोडून द्यायची. यात नाही.

एर्मेक गेला त्यानंतर महिनाभरात तिनं हा गट उभा केला होता. एर्मेक तिचा एकुलता एक मुलगा. घाटात त्याची गाडी उलटली आणि इथल्याच दवाखान्यात चार तास रक्त जाऊन तो संपला. गावाला एवढं ठाऊक होतं. त्या चार तासांत शारशेन दवाखान्याच्या अंगणात उभा होता, हेही ठाऊक होतं. पुढचं ज्यानं त्यानं मनाशी जुळवलं, आणि बुरुलनं कुणाला अडवलं नाही.

शाळेच्या सभागृहात खाटा मांडल्या होत्या. एका कोपऱ्यात चहाचा समोवार उकळत होता, बायका बोरसोक, कणकेचे फुगीर तुकडे, तळून आणत होत्या. बुरुलनं आधी स्वतःचं रक्त दिलं. नर्सनं तिची पिशवी वेगळ्या डब्यात ठेवली. "ही आजच जिल्ह्याला जाईल, एजे. सबंध खोऱ्यात हा रक्तगट तुम्हा तिघांचाच."

मग शारशेन आडवा झाला. सुई बघितली की त्याचं तोंड अजून पांढरं पडायचं. तो भिंतीकडे वळला. बुरुल उशाशी येऊन उभी राहिली आणि पिशवी भरेपर्यंत हलली नाही. त्याचं काही वाईट व्हावं असं तिला कधीच वाटलं नव्हतं. त्यानं चांगलं ठणठणीत राहावं, म्हणजे तीन महिन्यांनी पुन्हा या खाटेवर आणता येईल, एवढीच तिची इच्छा होती.

"बाइके, ही विसावी," नर्स थोरल्या भावाला हाक मारावी तशी शारशेनला म्हणाली. "पुढच्या आठवड्यात साठ पूर्ण होतायत तुम्हाला. आता तुमचं घेणार नाही आम्ही."

शारशेन उठून बसला. दंडावरचा कापूस दाबत त्यानं भावजयीकडे पाहिलं.

"ऐकलंस ना, बुरुल? आता तू माझ्या दारात यायची नाहीस. एवढं तरी सांग, माफ केलंस का?"

मेरिमला राहवलं नाही.

"माफी कशाची मागता हो? सख्खा पुतण्या आत तडफडत होता आणि तुम्ही सुईला भिऊन अंगणात उभे! तेव्हा एक पिशवी दिली असती तर आज वीस द्याव्या लागल्या नसत्या!"

समोवारापाशी बसलेल्या बायका वळून बघू लागल्या.

"मी द्यायला तयार होतो, बाई," शारशेन म्हणाला. "सगळ्यात आधी माझंच तपासलं. जुळलं नाही. मग आम्हा सगळ्या बापयांचं तपासलं. कुणाचंच जुळलं नाही."

मेरिमनं गोंधळून बुरुलकडे पाहिलं. "एजे, मग यांचा गुन्हा काय?"

"त्यालाच विचार," बुरुल म्हणाली. "पाच वर्षं याच एका गोष्टीसाठी त्याला इथं आणतेय. सांग शारशेन, सगळ्यांसमोर सांग."

शारशेननं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"वाईट बातमी आईला एकाएकी सांगायची नाही, हे आपल्यात लहानपणापासून शिकवतात. आधी वडीलधाऱ्यांनी जमायचं, कुणी सांगायची, कशी सांगायची ते ठरवायचं, मग सगळ्यांनी मिळून जायचं. आमचं ते ठरतच होतं. तेवढ्यात डॉक्टर धावत बाहेर आले. म्हणाले, आईचं जुळेल, आई कुठंय? मी सगळ्यांत थोरला, म्हणून मीच उत्तर दिलं. म्हणालो, ती गावात नाही. आणि तू तर घरीच होतीस, बुरुल."